दुखणे उष्णतेचे, बिल मदरबोर्डचे

प्रति,
मा. संपादक,

विषय : उन्हाळ्यात बंद पडणारे संगणक आणि त्यांची चुकीची दुरुस्ती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात पाणी, टँकर, उष्माघात आणि जनावरांचा चारा यांविषयीच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांना पहिला मान मिळावा हे योग्यच आहे. त्या मानाने क्षुल्लक वाटणारी, पण सांगली-मिरजेतील दुकानदार, पतसंस्था, शाळा आणि लहानसहान कार्यालये यांच्या खिशाला दर उन्हाळ्यात गुपचूप चाट लावणारी एक गोष्ट मी वाचकांपुढे मांडू इच्छितो. ती म्हणजे टेबलावरच्या संगणकाचे तापणे, आणि त्याहीपेक्षा, तो तापला आहे हे न ओळखता केली जाणारी त्याची दुरुस्ती.

मी संगणकाचा अभियंता नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात मी ३१ वर्षे दिवाणजी म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतरही हंगामात मालकांच्या आग्रहाखातर गादीवर जाऊन बसतो. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या हळदीची धूळ माझ्या कपड्यांतून, चष्म्यातून आणि वह्यांच्या पानांतून इतकी वर्षे गेली नाही, ती संगणकातून कशी जाईल, एवढा साधा विचार माझ्या मनात यायला मला फार उशीर झाला, हे आधीच कबूल करतो.

मागच्या वर्षीच्या एप्रिलमधील गोष्ट आहे. सौदे आटोपले होते, तोलाईचे आकडे आले होते आणि पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, थांबलेले शेतकरी जिन्याखाली बसले होते. अशा वेळी संगणक काही न सांगता, न सवरता, दिवा विझावा तसा बंद झाला. यूपीएसचा आवाज नाही, पडद्यावर कसली सूचना नाही. पुन्हा चालू केला, तर चार-पाच मिनिटांत पुन्हा अंधार. शेवटी त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या मी हाताने लिहिल्या. एका वयस्कर शेतकऱ्याने माझे अक्षर पाहून जुने दिवस आठवले असे म्हटले ते कानाला बरे वाटले, पण रात्री अकरापर्यंत बसून तेच आकडे पुन्हा संगणकात भरावे लागले, ते काही बरे वाटले नाही.

त्यानंतर जे झाले ते अनेकांच्या अनुभवाचे असेल. पहिल्या दुरुस्ती करणाऱ्याने व्हायरस आहे असे सांगून संगणक फॉरमॅट केला आणि ४०० रुपये घेतले. तो चार दिवस चालला. दुसऱ्याने रॅम, म्हणजे चालू कामापुरती संगणकाची स्मृती, खराब असल्याचे निदान करून १,४०० रुपयांना ती बदलली. तो आठवडाभर चालला, कारण मध्ये दोन दिवस वळिवाचा पाऊस होऊन हवा गार झाली होती. तिसऱ्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची घडामोडींची नोंदवही, उघडून त्यातील लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आम्हाला दाखवली आणि त्यात पॉवर हा शब्दच आहे, तेव्हा दोष वीजपुरवठ्याचा, असे म्हणून १,१०० रुपयांचा नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, बसवला. पुढे मला कळले की ही नोंद एवढेच सांगते की आधीच्या खेपेस संगणक रीतसर बंद न होता बंद झाला. तो का बंद झाला, हे त्या नोंदीत नसते. माणूस पडला एवढे सांगणारी ती नोंद आहे, चक्कर आली की कुणी ढकलले हे तिला ठाऊक नाही. तिसरी दुरुस्तीही फुकट गेल्यावर त्याच माणसाने मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, गेल्याचे जाहीर केले आणि ६,५०० रुपयांचा अंदाज दिला. तोपर्यंत २,९०० रुपये गेलेच होते.

येथे माझी दिवाणजीची खोड उपयोगी पडली. मदरबोर्डचा निर्णय घेण्याआधी आठ दिवस द्या, असे मी मालकांना सांगितले आणि एक नोंदवही घातली. संगणक किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद पडला, त्या वेळी पोटमाळ्यावर तापमान किती होते, एवढ्याच रकाने आखलेल्या नोंदी. तिसऱ्या दिवशीच चित्र दिसू लागले. सकाळी नऊला सुरू केलेला संगणक पावणेदोन ते दोन तास टिकत असे. दुपारी एकनंतर तो वीस-बावीस मिनिटांच्या पुढे जात नसे. बंद पडल्याबरोबर बटण दाबले तर चार मिनिटांत पुन्हा मान टाकी, पण अर्धा तास थांबून सुरू केला तर पुन्हा अठरा-वीस मिनिटे चाले. बंद पडण्याच्या आधी पाच-सात मिनिटे तो मंदावत असे, म्हणजे एरवी चटकन निघणारी पट्टी छापायला यायला बराच वेळ लागे. व्हायरस घड्याळ आणि तापमापक पाहून काम करत नाही, आणि खराब झालेली रॅम अर्धा तास विश्रांती घेऊन बरी होत नाही. विश्रांतीने बरे होणारे दुखणे उष्णतेचेच असणार, हे त्या वहीने सांगितले.

मग वाचून, विचारून जे समजले ते थोडक्यात सांगतो. आपण ज्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो, त्यातील खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा मदरबोर्डवरचा एक लहान चौकोन असतो आणि त्याच्या पोटातील प्रत्यक्ष काम करणारी सिलिकॉनची चकती जेमतेम नखाएवढी असते. कार्यालयीन वापराच्या संगणकात या प्रोसेसरला बहुधा ६५ वॉटचा म्हणतात. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बला ज्याने चुकून हात लावला असेल, त्याला तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. संगणकाने कितीही हिशोब केले तरी त्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होऊन बाहेर येते. ही उष्णता प्रोसेसरवरच्या धातूच्या टोपणातून, त्यावर लावलेल्या थर्मल पेस्टच्या पातळ थरातून, अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या हीट सिंकमध्ये जाते आणि त्यावरचा पंखा हवा मारून ती उडवून लावतो. या साखळीतील एक कडी जरी सैल झाली, तरी उष्णता मागे साचत जाते.

प्रोसेसर स्वतः मात्र मूर्ख नाही. त्याच्या पोटातच तापमान मोजण्याची सोय असते. अलीकडच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिच्याजवळ पोहोचला की तो आपणहून आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढतच राहिले, तर जळून जाण्याऐवजी वीज तोडून स्वतःला बंद करतो. आमचा संगणक बंद पडण्याआधी मंदावत होता तो यामुळे. ज्याला आम्ही तीन वेळा बिघाड समजून पैसे मोजले, ते खरे तर त्याचे स्वतःला वाचवणे होते. मी नोकरीला लागलो त्या काळात दुकानात आलेल्या ३८६ जातीच्या संगणकाच्या प्रोसेसरवर पंखाच काय, हीट सिंकही नव्हता, कारण तो वीजच फार थोडी खात असे. त्या यंत्रावर काम शिकलेल्या माझ्यासारख्यांच्या डोक्यात संगणक तापतो ही गोष्ट म्हणूनच कधी नीट शिरली नाही.

आता आपल्या हवेचा भाग येतो, आणि मला वाटते सांगलीकरांनी लक्षात ठेवावा असा मुद्दा हाच आहे. पंख्याने थंड होणारी कोणतीही वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान आणि त्यावर कामामुळे चढलेले अंश, अशी ती बेरीज असते. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना काम करताना ७० अंशांवर राहणारा संगणक, काहीही न बिघडता, एप्रिलमध्ये ४० अंशांच्या खोलीत ८५ अंशांवर जातो. त्यात धुळीने आणखी १५ अंशांची भर घातली की मर्यादा आलीच. म्हणजे धूळ वर्षभर साचत असते, पण तिची वसुली उन्हाळ्यात होते, आणि आपल्याकडे हळदीचा हंगाम, मार्चअखेरचे हिशोब आणि शाळांचे निकाल हे सगळे नेमके त्याच दिवसांत येतात.

आमच्या दुकानाचे आणखी एक विशेष होते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, त्यानंतर मालकांनी पाण्याच्या धास्तीने संगणक खालच्या गाळ्यातून उचलून पोटमाळ्यावर नेला. पोटमाळ्याला वर पत्रा आहे. एप्रिलच्या दुपारी तेथे मी ठेवलेल्या साध्या तापमापकाने ४२ अंश दाखवले. पुराच्या पाण्यापासून वाचवलेले यंत्र आम्ही नेऊन पत्र्याच्या भट्टीत ठेवले होते, आणि सहा वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. पुराचा विचार करून संगणक वर नेणारे गावभागापासून खणभागापर्यंत अनेक जण असतील. त्यांनी चुकीचे केले असे मी म्हणत नाही. निदान डोक्यावरच्या पत्र्याखाली छत घालावे आणि संगणकाच्या जागी दुपारी एकदा तापमापक ठेवून पाहावे.

नोंदवहीचे आठ दिवस भरल्यावर आम्ही संगणकाची वीज काढून, सगळ्या वायरी सोडवून, कॅबिनेटची, म्हणजे त्या डब्याची, बाजू उघडली. आत जे दिसले ते पाहून मालक काही वेळ बोललेच नाहीत. हीट सिंकच्या पात्यांवर पिवळसर नमदा बसला होता. हळदीची पूड तेलकट असते, तिच्यात पोत्यांच्या तागाचे तंतू आणि देव्हाऱ्यातील उदबत्तीचा चिकट धूर मिसळला की जो थर तयार होतो तो फुंकरीने उडत नाही, तो चिमटीत धरून गोधडीच्या तुकड्यासारखा सोलून काढावा लागतो. पंखा फिरत होता, अगदी जोरात फिरत होता, पण त्याची हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. आणि तळाशी, मदरबोर्डच्या कडेला, अक्षता होत्या. आठ खंडेनवम्यांच्या अक्षता. दर वर्षी आम्ही तोलकाटा, शिक्के, चोपड्या आणि संगणक यांची पूजा करत आलो, काटा उतरवून पुसून घेतला, मालकांची गाडी धुतली, आणि संगणकावर मात्र वरच्या जाळीतूनच हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या.

साफसफाईचे काम अवघड नाही, परंतु त्यात चार-दोन चुका हमखास होतात आणि त्यांतील एक मीही केली, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. संगणक दुकानांत हँड ब्लोअर वापरतात तो उत्तम. मात्र हवा मारताना पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरावे, कारण तो बाहेरच्या हवेने भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. काही जण कॅबिनेट उचलून सरळ पंक्चरच्या दुकानात नेतात आणि टायरमध्ये हवा भरण्याच्या नळीने धूळ उडवतात. त्या नळीच्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असू शकतात आणि तिचा दाबही नाजूक भागांना न सोसणारा असतो, तेव्हा ते टाळावे. चिकट नमदा हवेने निघत नाही, त्याला कोरडा रंगाचा ब्रश लागतो आणि हीट सिंक काढूनच तो साफ करावा लागतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. आपल्याकडील २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तेथे ३०० व्होल्टच्या वर जाते आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटर नावाच्या वीज साठवणाऱ्या भागात टिकून राहते. त्याला बाहेरूनच हवा मारावी.

हीट सिंक एकदा काढला की जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. आमच्याकडील पेस्ट आठ वर्षांत वाळून खडूसारखी झाली होती. ही पेस्ट कशासाठी, तर प्रोसेसरचे टोपण आणि हीट सिंक हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक खाचा राहतात, त्या खाचांत हवा असते आणि हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. ती हवा हटवणे एवढेच पेस्टचे काम आहे, म्हणून ती लोण्यासारखी थापायची नसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली की हीट सिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. एका ओळखीच्या गृहस्थांनी पेस्टऐवजी टूथपेस्ट लावली होती आणि ती चालली असे ते अजूनही सांगतात. काही दिवस ती चालते हे खरे आहे. मग तिच्यातील पाणी वाळते आणि आपण पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो.

माझी चूक पुढे झाली. प्रोसेसरसोबत डब्यात येणारे पंखे अनेकदा प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांनी मदरबोर्डवर बसतात. त्या समोरासमोरच्या जोडीने, टक आवाज येईपर्यंत दाबायच्या असतात. माझ्या हातून तीन बसल्या आणि चौथी वरून बसल्यासारखी दिसत असली तरी मागच्या बाजूने बाहेर आली नव्हती. संगणक सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या पडद्यावर, गेलो तर पाहता पाहता तापमान ९० च्या पुढे. साफ करण्याआधी बायोसमध्ये ८१ दिसत होते, म्हणजे मी साफ करून दुखणे वाढवले होते. माझा धीर सुटला. पण मालकांच्या पुतण्याने मोबाइलचा उजेड पाडून मदरबोर्डची मागची बाजू पाहिली आणि चुकलेली खुंटी दाखवली. पुन्हा सगळे काढून, पेस्ट पुसून, नव्याने लावून चारही खुंट्या बसवल्या तेव्हा बायोसमधले तापमान ५२ अंशांवर स्थिरावले. पोटमाळ्यावर तेव्हा ३९ अंश होते. या सगळ्याला पेस्टचे १५५ आणि ब्रशचे २० असे १७५ रुपये लागले. त्यानंतर मेअखेरपर्यंत संगणक एकदाही बंद पडला नाही, आणि काढून ठेवलेली जुनी रॅम आणि जुना एसएमपीएस दोन्ही ठणठणीत निघाले.

यावर कुणी म्हणेल की दुरुस्ती करणाऱ्यांनी फसवले. मला तसे वाटत नाही, निदान तिघांनीही जाणूनबुजून फसवले असे नाही. या दुखण्यात एक विचित्र गोष्ट आहे. तापलेला संगणक दुकानात नेईपर्यंत थंड होतो. तेथे तो वातानुकूलित खोलीत, टेबलावर, बाजू उघडी ठेवून तपासला जातो आणि साहजिकच दिवसभर बिनतक्रार चालतो. त्या दरम्यान जो कोणता भाग बदलला असेल, त्याला श्रेय मिळते. म्हणूनच ‘दुकानात चालतो, घरी बंद पडतो’ ही तक्रार जिथे जिथे ऐकू येईल, तिथे आधी उष्णतेचा संशय घ्यावा. दुसरे असे की, रॅम बदलण्याचे पैसे गिऱ्हाईक कुरकुर न करता देतो आणि धूळ काढण्याचे तीनशे रुपये मागितले तर ‘नुसती हवा मारायचे तीनशे?’ असे विचारतो. ज्या कामाला मोल देण्याची आपली तयारी नाही, ते काम कुणी कशाला सुचवील?

तरीही एक विनंती मी सांगली आणि मिरजेतील संगणक दुरुस्ती व्यावसायिकांना या पत्राद्वारे जाहीरपणे करतो. बंद पडण्याच्या किंवा मंदावण्याच्या तक्रारीसाठी संगणक आला की कोणताही भाग बदलण्याआधी त्याचे तापमान पाहावे आणि ते बिलावर लिहून द्यावे. सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ बटण दाबून बायोसमध्ये गेल्यास बहुतेक मदरबोर्डवर ते दिसते, आणि चालू कामातील तापमान पाहण्यासाठी कोअर टेम्प, एचडब्ल्यूमॉनिटर असे फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. डॉक्टर आधी ताप बघतात आणि मग औषध लिहितात, एवढीच अपेक्षा आहे. गिऱ्हाइकांनीही बिलावर हा आकडा मागून घ्यावा. शाळा, ग्रामपंचायती आणि पतसंस्था संगणकांच्या देखभालीचा वार्षिक करार करतात, त्यांनी करारात वर्षातून दोनदा आतील सफाई आणि तापमानाची लेखी नोंद ही अट घालावी. हिशोबतपासनीस कागदावर नसलेली गोष्ट झाली असे मानत नाहीत, तोच नियम येथेही लावावा.

संगणक ठेवण्याच्या पद्धतीविषयीही लिहिणे भाग आहे. फर्निचरच्या दुकानांत मिळणाऱ्या संगणक टेबलांना कॅबिनेट ठेवण्यासाठी खाली दार असलेला कप्पा असतो. दिसायला तो व्यवस्थित असतो, पण त्यात संगणक स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. ते दार काढून टाकावे आणि मागची फळीही कापून घ्यावी. कॅबिनेटची मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी लांब असावी. संगणक बंद केल्याबरोबर त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालण्याची अनेक कार्यालयांत शिस्त आहे, त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे थांबून सुती कापड टाकले तर बरे. याच्या उलट टोकाला जाऊन काही जण कॅबिनेटची बाजू कायमची उघडी ठेवतात. त्याने पहिले काही दिवस तापमान उतरते, पण मग धूळ दुप्पट जमते, आणि उबेला येणाऱ्या पालींचा प्रश्न वेगळाच. मदरबोर्डवर पाल चिकटून मेल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांना विचारली तर ते हसून दोन-तीन सांगतात, पण ज्याचा मदरबोर्ड गेला त्याला हसू येत नाही.

टेबलफॅन लावण्याविषयीही गैरसमज आहे. आपल्याला पंख्याने गार वाटते ते घाम सुकतो म्हणून. संगणकाला घाम येत नाही, त्यामुळे पंखा त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, मात्र कॅबिनेटभोवती साचलेली गरम हवा तो हटवतो आणि तेवढा उपयोग नक्की होतो. पाण्याचा कूलर थेट संगणकावर सोडणे मात्र धोक्याचे आहे, कारण आधीच बसलेली धूळ ओलसर झाली की ती घट्ट चिकटते आणि विजेला नको तिथे वाट देऊ शकते.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुना संगणक काढून नवा घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे आणि आमचे मालकही पुढेमागे नवा घेतील. पण तो निर्णय त्याच्या कारणासाठी घ्यावा. दुपारी बंद पडतो म्हणून जुना भंगारात घालून त्याच पत्र्याखाली, त्याच कप्प्यात आणि त्याच हळदीच्या धुळीत नवा ठेवला, तर दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तोही दुपारी बंद पडू लागेल.

सफाई वर्षातून कधी करावी, असे अनेक जण विचारतात. हळद, गूळ, पीठगिरणी किंवा रस्त्याकाठचे दुकान असेल तर सहा महिन्यांनी, घरी असेल तर वर्षातून एकदा पुरे, असे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. थर्मल पेस्ट दर वेळी बदलायची गरज नाही, हीट सिंक न काढता ब्रश आणि हवेने काम भागत असेल तर भागवावे. आमच्या दुकानात आता दोन दिवस ठरले आहेत. एक खंडेनवमीचा आदला दिवस आणि दुसरा गुढीपाडव्याच्या आधीचा रविवार. गेल्या खंडेनवमीला आम्ही संगणक आधी उघडून आतून पुसला, बंद केला आणि मग पूजा मांडली. अक्षता आणि फूल समोर ताटलीत वाहिले, जाळीवर नाही. मालकांच्या आईंना प्रथम ते रुचले नाही. काट्याच्या पारड्यात आपण कधी अक्षता साठू देत नाही ना, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःच ती ताटली आणून दिली.

नोंदवही मी अजून चालू ठेवली आहे. काल दुपारी दोन वाजता पोटमाळ्यावर ३७ अंश होते आणि पट्ट्या छापण्याचे काम चालू असताना प्रोसेसर ६८ अंशांवर होता. हंगामाची ऐन गर्दी आणि कडक ऊन अजून पुढे आहे. गुढीपाडव्यापूर्वी हे पत्र छापून आले तर ज्यांना संगणक उघडून घ्यायचा आहे त्यांच्या हाती थोडे दिवस राहतील, म्हणून शक्य तितक्या लवकर त्याला आपल्या दैनिकात जागा द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
हळदीच्या पेढीवरील एक निवृत्त दिवाणजी,
सांगली

(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, तो प्रसिद्ध करू नये.)